सव्वा मुठीचा हिशोब

मी अमळनेर तालुक्यातली आशा सेविका. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाच्या तोंडावर सर्व्हेला निघालं की बायका हमखास घरी सापडतात, कारण नैवेद्याच्या रोटांचं धान्य काढायचं असतं.

त्या घरी म्हातारी ओसरीवर गव्हाचं सूप पुढ्यात घेऊन बसलेली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. नाव घ्यायची, मूठ टोपल्यात टाकायची, वर पाव मूठ. धाकट्यापाशी आली तशी मला ऐकू जाईल असं म्हणाली, "धाकलाना घरनी एकच मूठ पडस, माय." धाकट्याला एकच मुलगी. तीही बालवाडीत नाही, ज्युनियर केजीत.

धाकटी सून आतून चहा घेऊन आली, काही बोलली नाही. बोलला तिचा नवरा. जळगावला कंपनीत कंत्राटी आहे, सणाला आलेला. मी मातृवंदना योजनेचं सांगत होते. पहिल्या खेपेला 5000 आणि दुसरी मुलगी झाली तर 6000. तो हसला. "ताई, सहा हजारात पोरीच्या शाळेची बससुद्धा वर्षभर निघत नाही. वावर दोन बिघे, भाऊ तीन. अजून किती वाटण्या पाडू?"

म्हातारी फणकारली, "मंग म्हातारपणमा तुमले कोन देखी?"

तिचं चुकीचं तरी कसं म्हणू? श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये आणि तीन मुलगे, एवढीच तिची पुंजी. पण गंमत बघा, ज्याच्या नावाची मूठ तिनं सगळ्यात कौतुकानं टाकली, तो थोरला नातू तिशी ओलांडून बसलाय. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. ती पोरं आता हळूहळू लग्नाला येतील. हे मी ओसरीवर बोलले नाही. सणासुदीला त्या नातवाचा विषय कोण काढणार!

कानबाई उठल्यावर धाकटा आणि त्याची बायको दोघं उपकेंद्रात आली. ऑपरेशन नको म्हणाली, तांबीची तिला भीती. सिस्टरनं तपासून पाळणा लांबवणारं अंतराचं इंजेक्शन दिलं. तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, हे मी दोनदा बजावलं.

"तवर कापूस घरात येईल," तो म्हणाला, "भाव बघू, मग बोलू."

सून पटकन म्हणाली, "भाव कितीही येऊ द्या. ताई, पुढची तारीख लिहा."