नोंद सतरावी: ‘उरलेल्यातून दुसरा’ सापडला

सापडला! साडेतीन महिने ज्यानं छळलं तो चोर काल रात्री पावणेअकराला सापडला. आणि सापडला कुठं, तर ताईच्या लॅपटॉपवर.

मागच्या दोन नोंदींमध्ये हे रडगाणं गाऊन झालंय, म्हणून नव्यानं उगाळत नाही. सर्व्हे भरले की पॉइंट देणाऱ्या साइट्स, म्हणजे पॅनेलं, मी वापरते; त्यातल्या पॅनेल क्रमांक दोनवरचे मराठीतले सर्व्हे मला थेट दारापर्यंत नेऊन हाकलून देतात, एवढंच. स्क्रीनरमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या चाळणीच्या प्रश्नांतच, बाहेर काढलं तर माझी तक्रार नसते. त्यांना डायपर घेणारी आई हवी असते, माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संपला. कोटा फुल झाला, म्हणजे त्यांना हवी तेवढी माणसं भरली, तरी समजू शकते. पण अठरा मिनिटं घालवून, वरची हिरवी पट्टी ९० टक्क्यांच्या पुढं गेल्यावर ‘क्षमस्व, आपण या सर्व्हेसाठी पात्र ठरला नाहीत’? आणि सांत्वन म्हणून ५ पॉइंट. इथं १० पॉइंटांचा एक रुपया होतो, म्हणजे पन्नास पैसे. भिकाऱ्यालासुद्धा हल्ली कुणी देत नाही.

माझ्या वहीतला हिशोब असा: स्क्रीनर पार केलेले मराठी सर्व्हे ४१, त्यातले शेवटाला बाद १३. इंग्रजी ५८, बाद फक्त २. माणूस तोच, फोन तोच, घर तेच. मग मराठीतच काय घोडं पेंड खातंय?

पहिला संशय वेगावर होता. सर्व्हेवाले किती वेळात पुरा केला ते मोजतात, फार भराभर उरकणाऱ्याला ‘स्पीडर’ म्हणून काढून टाकतात, हे आपल्याला माहीतच आहे. माझी मराठी वाचायची गती इंग्रजीपेक्षा दुप्पट, पंधरा मिनिटांचा सर्व्हे मी नऊ मिनिटांत संपवते. म्हणून मुद्दाम रेंगाळायला लागले. प्रत्येक पानावर कुकरची एक शिट्टी झाल्याशिवाय ‘पुढे’ दाबायचं नाही, असा नियमच केला. डाळ दोनदा लगदा झाली, सर्व्हे तरीही बाद.

दुसरा संशय शेतजमिनीवर. तो एनसीसीएसचा, म्हणजे घराची आर्थिक पायरी ठरवणारा प्रश्न तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, सिलिंग फॅन, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेवटी शेतजमीन. २०११ पासून त्यावरून ए-वन ते ई-थ्री अशा बारा पायऱ्यांवर घर बसवतात. पायरी ठरवायच्या नव्या आयसेक पद्धतीत वस्तू मोजत नाहीत म्हणे, शिक्षण आणि कामधंदाच बघतात. पण माझ्याकडं येणारे सर्व्हे अजून फ्रिज मोजतायत. आता आमची जमीन. सातबारावर अजून सासऱ्यांचं नाव, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, कसतात दीर, आम्हाला वर्षाला दोन पोती ज्वारी येते. आहे म्हणू की नाही म्हणू? वही चाळली तर कधी ‘आहे’, कधी ‘नाही’ लिहून बसलेय. उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत की खात्यावर खूण होते, म्हणून दोन महिन्यांपूर्वीपासून कायमचं ‘आहे’ ठरवलं. ज्वारी खातो म्हणजे आहे. तरीही बाद.

तिसरा संशय वायफायवर. यांचंही त्याच पॅनेलवर खातं आहे, आणि एका घरातून एकच सर्व्हे दोनदा गेला तर दुसरा उडवतात. यांना मोबाइल डेटावर ढकललं. यांचे पूर्ण व्हायचे, माझे बादच व्हायचे. (हे स्वतः सगळे सर्व्हे इंग्रजीत भरतात, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. वहीत यांचा रकानाच नव्हता.)

आता कालची गंमत. ताई दोन दिवसांसाठी आलीय. तिला मीच या नादाला लावलंय. जेवणं झाल्यावर दोघींना एकाच वेळी धुण्याच्या पावडरीच्या सर्व्हेचं आमंत्रण आलं. तिला म्हटलं, आमचं वायफाय घ्यायचं नाही, तुझ्या हॉटस्पॉटवर बस. ती लॅपटॉपवर इंग्रजीतून, मी फोनवर मराठीतून, सोफ्यावर शेजारी शेजारी. उत्तरं आपापली, फक्त पानं बरोबरीनं उलटायची.

बाराव्या-तेराव्या पानावर तो तक्ता आला. डावीकडं विधानं, समोर पाच पर्याय: पूर्णपणे असहमत, काहीसे असहमत, तटस्थ, काहीसे सहमत, पूर्णपणे सहमत. ‘कपड्यांचा वास दिवसभर टिकतो.’ ‘हाताला खाज येत नाही.’ ‘पाकीट उघडायला सोपे आहे.’ आणि चौथ्या ओळीवर, माणूस लक्ष देऊन भरतोय ना हे तपासायला मध्येच घातलेल्या, ताई नुसतं ‘हं, सापळा’ म्हणाली आणि क्लिक करून मोकळी. मी तिथंच अडकले. माझ्या फोनवर लिहिलं होतं:

‘कृपया उरलेल्यातून दुसरा पर्याय निवडा.’

मी हे वाक्य आजवर किती वेळा वाचलंय! आणि दर वेळी मोठ्या इमानदारीनं सोडवलंय. वरच्या तीन ओळींत मी ‘काहीसे असहमत’ आणि ‘पूर्णपणे सहमत’ वापरले, म्हणजे उरले तीन, त्यातला दुसरा तटस्थ. तर मी तटस्थ दाबायचे. मला वाटायचं तर्कशक्तीचा प्रश्न आहे, आणि मनातल्या मनात शाबासकीही द्यायचे स्वतःला.

ताईच्या पडद्यावर डोकावले. तिथं इंग्रजीत सरळ होतं, ‘सेकंड ऑप्शन फ्रॉम द लेफ्ट’.

लेफ्ट! लेफ्ट म्हणजे डावं, आणि लेफ्ट म्हणजे उरलेलंही. भाषांतर करणाऱ्या यंत्रानं दुसरं उचललं. डावीकडून दुसरा म्हणजे ‘काहीसे असहमत’, आणि मी साडेतीन महिने तटस्थ दाबत बसले. ‘लक्ष न देता भरते’ असा शिक्का माझ्यावर, जी बाई प्रत्येक ओळीला गणित मांडत होती! ताई इतकी हसली की यांनी आतून विचारलं, काय झालं.

बरं, ‘डावीकडून’ असं नीट लिहिलं असतं तरी फोनवर डावं-उजवं कुठं असतं? तिथं तक्ता मोडून पाचही पर्याय एकाखाली एक येतात. तरी वरून दुसरा धरून ‘काहीसे असहमत’ दाबलं, जीव मुठीत धरून पुढं गेले. ९० टक्के. ९५. आणि ‘धन्यवाद! १८० पॉइंट आपल्या खात्यात जमा झाले आहेत.’ अठरा रुपये. ताईला रात्री अकराला वेलदोड्याची कॉफी करून दिली, दुधाचा खर्च त्याहून जास्त झाला असेल, पण ती कॉफी मी विसरणार नाही.

आज सकाळी आणखी एक मराठी सर्व्हे, बिस्किटांचा. त्यातही तीच ओळ, तेच उत्तर, पूर्ण. १२० पॉइंट. दोनवरून विजय जाहीर करत नाही, पाच होऊ द्या.

आता पुढचा बेत. आधी ठरवलं होतं की भाषा कायमची इंग्रजी करून टाकावी, कटकट संपली. पण वही सांगते की मराठीत मला ‘कोटा फुल’ फार कमी वेळा लागतं. मराठी निवडणारे बहुतेक कमी असावेत, जागा लवकर भरत नाहीत. ते सोडायचं नाही. मग लेकीचा जुना लॅपटॉप मागावा असं मनात होतं, आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: फोन आडवा केला तर? थांबा, बघते.

केला. सकाळी घेतलेल्या दुसऱ्या एका अर्धवट सर्व्हेत बघितलं, फोन आडवा धरला की तक्ता तक्त्यासारखा दिसतो, डावं डावीकडं, उजवं उजवीकडं! लॅपटॉपचा बेत रद्द. फोनचं ऑटो रोटेट मी दोन वर्षांपूर्वी बंद करून ठेवलं होतं, आडवं पडून बघताना पडदा फिरतो म्हणून. सगळा घोटाळा निम्मा तिथून.

एक गोष्ट मात्र खटकतेय. बाद झालेल्यांपैकी काहींच्या शेवटच्या पानांचे स्क्रीनशॉट माझ्याकडं आहेत. त्यातल्या एकात सापळा सरळ होता, ‘या ओळीत ४ हा अंक दाबा’, आणि मी ४ च दाबलाय. म्हणजे तेराही बळी ‘उरलेल्या’चे नाहीत. एक-दोन माझ्या घाईचेच असणार. कुणाला असं दिसलं असेल तर आपापल्या वह्या बघा.

मदत केंद्राला पत्र पाठवलं, स्क्रीनशॉटसकट. दोन मिनिटांत उत्तर, ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’, आणि खाली एक सर्व्हे, आमची सेवा कशी वाटली, ० ते १०. मी ६ दिले. आपल्याकडं दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास. पण गिऱ्हाईक किती खूश ते मोजायच्या या एनपीएस मोजणीत ० ते ६ सगळे नाराज, ७-८ धड ना इकडचे ना तिकडचे, आणि ९-१० दिले तरच खूश समजतात. शाळेत कधी पैकीच्या पैकी न देणाऱ्या मास्तरांच्या हाताखाली शिकलेली आपण माणसं, आपण खूश असलो तरी सातच देणार. असो, या वेळचे ६ मी समजून उमजून दिलेत.

आता पॉइंट मोडून घेतलेल्या व्हाउचरचा हिशोब, रुपयांत. पाडव्यापासून एकूण २,१५०. त्यातलं ५०० चं किराण्याचं कार्ड या आठवड्यात मोडलं. काउंटरवरच्या मुलाला कोड कुठं टाकायचा माहीत नाही, मॅनेजर जेवायला गेलेला, मागं सहा माणसांची रांग आणि त्यातले एक काका मोठ्यानं उसासे टाकतायत. मी हलले नाही. शेवटी शेजारच्या काउंटरवरच्या मुलीनं येऊन टाकला. बिल ५१२, दिले बारा रुपये रोख. तूरडाळ, तेल, बारीक रवा, आणि मुलीसाठी ते महागडं पीनट बटर. पिशवी उचलताना काकांकडं बघून हसले मी.

२५० चं कपड्यांच्या दुकानाचं व्हाउचर या महिनाअखेर मरतंय. पुन्हा सांगते, घेताना मुदत वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाखाली येणाऱ्या गिफ्ट कार्डाला निदान वर्षाची मुदत मिळते, पण एखाद्या दुकानाचं फक्त स्वतःपुरतं चालणारं व्हाउचर त्यात बसत नाही. ते म्हणतील तीच तारीख. अभ्रे घेऊन टाकते.

राहिले १,४०० ऑनलाइन कार्डात, मिक्सरसाठी. तीन भांड्यांचा, ७५० वॅटचा, ३,४०० चा बघून ठेवलाय. दिवाळीचा बेत होता, आता मराठी सर्व्हे सुटले तर दसऱ्यालाही जमेल. हे म्हणतात, हिशोब केला तर तासाला अठ्ठावीस रुपये पडले तुला. मी विचारलं, तुमच्या रोजच्या शब्दकोड्याचे किती पडतात? गप्प.

गूगल ओपिनियन रिवॉर्ड्सचं यात धरलेलं नाही. तिथं कुकर लावता लावता दोन प्रश्न होतात, पण अँड्रॉइडवर ते पैसे प्ले स्टोअरमध्येच जातात, त्यानं डाळ येत नाही. आणि शेजारच्या वहिनींना मेसेज आलाय, रिव्ह्यू लिहा, आधी हजार भरा, दीड हजार परत. पैसे मागतो तो सर्व्हे नसतो, चोर असतो. नंबर ब्लॉक करायला लावला.

हे संपवणार तोच घंटी वाजली. पंधरा मिनिटं, १५० पॉइंट, मराठी. फोन आडवा धरलाय. पहिल्याच पानावर घरातल्या वस्तूंची यादी: वीज जोडणी, आहे. छताचा चाहता…

फॅन! सिलिंग फॅन!

‘आहे’ दाबलंय. आमच्या हॉलमध्ये एक आहे, खडखड करतो.