गाभडलेली गाय आणि उघडे हात

"हात धुतले की झालं." गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या गाईचा अडकलेला जार (वार) उघड्या हातांनी ओढताना कुणीतरी सहज म्हणालं. ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

कारण नखाशेजारी चिरलेली कातडी होती. गाईला गाभडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या ब्रुसेलाच्या जंतूला तेवढी फट पुरते. डोळ्यात उडालेला थेंबही पुरतो.

गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली तर तपासणी होईपर्यंत ब्रुसेलोसिस, म्हणजे याच जंतूचा आजार आहे असंच धरून चालावं. जार आणि गर्भजलात जंतू खच्चून भरलेले असतात. कोपरापर्यंतचे हातमोजे, मास्क, चष्मा, गमबूट घाला. जार ओढू नका, पशुवैद्यकांना बोलवा. पडलेला जार आणि मेलेलं वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकलं की कुत्री ते गावभर नेतात. जागा आधी खरवडून धुवा, मगच जंतुनाशक टाका. शेण-रक्तावर ओतलेलं औषध वाया जातं. गाय स्राव थांबेपर्यंत वेगळी बांधा. दूध उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच.

हा आजार झाला की माणसाला ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, सांधे-कंबर धरते. लक्षणं बऱ्याचदा काही आठवड्यांनी दिसतात, म्हणून गाईशी संबंध कुणी जोडतच नाही. डॉक्टरांना गोठ्यातल्या कामाबद्दल आपणहून सांगा. उपचार साधारण 6 आठवडे चालतात. मध्येच सोडले तर आजार उलटतो.

लस फक्त कालवडींना, 4 ते 8 महिन्यांच्या वयात, बहुधा आयुष्यात एकदाच. तुमच्या कालवडींना टोचली आहे का?