लूसी लार्कमचं आयुष्य जुळवताना

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री आणि शिक्षिका लूसी लार्कम हिच्याबद्दल मराठीत लिहायचं ठरवलं आणि सुरुवात तिच्याच आत्मचरित्रापासून केली. 'अ न्यू इंग्लंड गर्लहूड', १८८९ सालचं, 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. वाक्यं लांबलचक, जागोजागी स्तोत्रांचे संदर्भ, त्यामुळे पहिली प्रकरणं सावकाशच सरली. लोवेलच्या कापडगिरण्यांचा भाग आला आणि मग मात्र पुस्तक खाली ठेववेना.

वडील जहाजाचे कप्तान. ते वारल्यावर आईने बेव्हर्ली हे गाव सोडलं आणि मॅसॅच्युसेट्समधल्याच लोवेल गावात गिरणीतल्या मुलींसाठी बोर्डिंग चालवायला घेतलं. ११ वर्षांची लूसी गिरणीत लागली. सुताने भरलेल्या बॉबिन, म्हणजे रिळं, काढायच्या, रिकाम्या लावायच्या. मध्ये काही महिने शाळा मिळाली, हायस्कूलला जाण्याइतकी तयारी झाली आहे असं शिक्षकांनी सांगितलंही. पण तिची आठवड्याची कमाई, एक डॉलर आणि वर जेवणाराहण्याचा खर्च, घराला हवी होती. ती परत गिरणीत गेली. कुरकुरीचा सूर कुठेच नाही, म्हणूनच ते पान जास्त लागतं.

गिरणीत पुस्तकं आणायला बंदी होती. तिने वर्तमानपत्रातल्या कवितांची कात्रणं आपल्या खिडकीच्या कडेला चिकटवली. समोर मशीन, बाजूला कविता! पुढे ती कापडखात्यात गेली, तिथे गडबड कमी आणि वाचायला सवड. 'लोवेल ऑफरिंग' या गिरणीतल्या मुलींच्या मासिकात ती लिहू लागली. गिरणी सुटली आणि मग ती शिकली, असं तिच्याबद्दल सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तिचं शिक्षण त्या खिडकीपाशीच चालू होतं.

शिक्षिकेच्या काळाबद्दल आत्मचरित्र फारसं बोलत नाही. त्यासाठी तिचे चरित्रकार डॅनियल अ‍ॅडिसन यांनी तिच्या मृत्यूनंतर, १८९४ मध्ये काढलेला पत्रं-डायरीचा ग्रंथ घेतला आणि वहीत सनावळी मांडत गेले. १८४६ मध्ये बहिणीबरोबर इलिनॉय, माळरानावरच्या खेड्यातली शाळा. मग तिथल्याच माँटिसेलो सेमिनरीत, म्हणजे मुलींच्या वरच्या शिक्षणाच्या शाळेत, स्वतः विद्यार्थिनी, खालच्या वर्गांना शिकवत शिकवत. १८५२ मध्ये तिथलं शिक्षण पुरं झालं, तेव्हा वय २८. १८५४ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्टनच्या व्हीटन सेमिनरीत अध्यापन. तिथे १८५५ मध्ये तिने मुलींचं 'रशलाइट' मासिक सुरू केलं. लोवेलमध्ये तिला स्वतःला मिळालेली लिहायची जागा तिने आपल्या विद्यार्थिनींना दिली, असं मला वाटतं.

१८६२ मध्ये तिने व्हीटन सोडलं. त्या वर्षांची डायरी सध्या वाचते आहे.