वरंधा घाट: वाघजाईच्या पुढचे चौदा किलोमीटर

"रस्ता झालाय आता, बिनधास्त जा." या एका वाक्यावर विसंबून मी आणि माझी मावसबहीण २५ मिलिमीटरचे टायर असलेल्या रोडबाईक, म्हणजे गुळगुळीत रस्त्यावरच्या बारीक चाकांच्या सायकली, घेऊन महाड-भोर रस्त्यावरच्या वरंध्यात गेलो. घाटमाथ्यावरून भोरकडे उतरताना चौदा किलोमीटरला साडेतीन तास लागले, त्यातलं निम्मं अंतर सायकल हातात धरून. सांगणारा खोटं बोलला नव्हता. तो महाडकडून चारचाकीनं आला होता, वाघजाईच्या देवळापाशी थांबला, फोटो काढले आणि आल्या वाटेनं परत गेला. तिथपर्यंतचा रस्ता खरोखरच झालाय. पुढचा त्यानं पाहिला नव्हता आणि आम्ही त्याला विचारलं नव्हतं.

आमची आखणी तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी करत माणगाव, दुसऱ्या दिवशी माणगाव, महाड, वरंधा, भोर आणि तिसऱ्या दिवशी भोरहून परत. दिवाळी होऊन गेली होती, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण सगळं नीट झालं. शनिवार-रविवारी मात्र ताम्हिणीत सायकल घालू नका. गाड्यांची रीघ असते आणि वळणावर ओव्हरटेक करणारे तुम्हाला थेट साइडपट्टीवर ढकलतात. आम्ही बुधवारी गेलो, तर मुळशीच्या पाण्याकाठची ती झाडी जवळजवळ आमच्या एकटीदुकटीची होती. हे धरण म्हणजे १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला तेच. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचं पाणी इथून उलट पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि ते पुढे कुंडलिकेत जातं. घाट उतरून विळ्याकडे आलात की ते पाणी तुमच्या आधी कोकणात पोचलेलं असतं. विळ्याकडची उतरण तीव्र आहे. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाच्या आधी दाबा आणि वळणात सोडा. रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर घासणारे) असतील तर मध्ये एकदा थांबून रिमला हात लावून बघा. माणगावच्या मुक्कामाला पोचलो तेव्हा उन्हं कलली नव्हती.

दुसऱ्या दिवशीची चूक सकाळीच झाली. घाट सोपा आहे आणि रस्ता झालाय असं डोक्यात पक्कं बसल्यामुळे आम्ही आठ वाजता निघालो. माणगाव ते महाड हा मुंबई-गोवा महामार्ग कंटाळवाणा आहे. मोठ्या गाड्यांच्या वाऱ्याचे झोत खात तीसेक किलोमीटर उरकायचे, एवढंच त्याचं काम. महाडमध्ये चवदार तळ्यापाशी मात्र आम्ही तासभर बसलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथं ओंजळीनं पाणी घेतलं, त्या जागेवरून नुसतं पुढं जाणं आम्हाला जमलं नसतं. तो तास मी आजही परत देणार नाही. द्यायला हवे होते ते सकाळी अंथरुणातले दोन तास.

कारण असं की वरंध्याचा कोकणाकडचा चढ पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी डोंगराची सावली रस्त्यावर असते, दुपारी बारानंतर ऊन समोरून कातळावर पडतं आणि तो कातळ तापून तुम्हाला भाजतो. आम्ही नेमक्या त्याच वेळी चढाला लागलो. चढ सलग आहे, पण अंगावर येत नाही. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाला, ३२ दातांचं चक्र असेल तर बसूनच चढता येतो. झाडी दाट आहे, वळणावळणाला खाली सावित्रीच्या खोऱ्यातली शेतं लहान होत जातात. डांबर गुळगुळीत होतं. त्या चढावर आम्ही दोघी एकमेकींना सांगत होतो की हा सह्याद्रीतला सायकलसाठी सगळ्यात देखणा घाट आहे. वाघजाईला पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते, पायात अजून ताकद होती आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. महाड समुद्रसपाटीलगत, तिथून स्वतःच्या पायांवर घाटमाथ्यावर. या देवळापासून मागे पडलेलं पाणी सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्राला मिळतं आणि पुढं पडलेलं नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात जातं. आता फक्त उतरायचं, असं मी म्हणाले.

दीड-दोन किलोमीटरवर डांबर संपलं. समोर एक पोकलेन रस्ता अडवून डोंगर खरवडत होता. वीस मिनिटं थांबवलं. पलीकडे गेलो तर मुठीएवढी खडी, रोलर न फिरवलेली. म्हटलं, शंभर-दोनशे मीटर असेल. मग मुरूम, त्यावर टँकरनं पाणी मारलेलं, म्हणजे लाल चिखल. मग पुन्हा खडी. एका बाजूचा अर्धा रस्ता उकरलेला, उरलेल्या अर्ध्यावरून डंपर जाता-येताना आम्ही उतरून कडेच्या ढिगाऱ्यावर उभ्या.

चढावर खडी लागली तर वेग कमी असतो, चाक घसरलं तरी पाय टेकतो. उतारावर तसं नसतं. पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक खडीवर तरंगतं, नाही दाबला की सायकल वेग घेते, आणि मागचा एकटा ब्रेक त्या उताराला पुरत नाही. पाऊण तासात माझ्या हाताच्या करंगळ्या बधिर झाल्या. पहिलं पंक्चर माझं, मागच्या चाकाचं. टायर शाबूत होता, ट्यूबला साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन छिद्रं. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली होती. आम्ही डांबराच्या हिशेबानं शंभर पीएसआय हवा भरलेली, पण तो आकडा एवढ्या बारीक टायरला या दगडांवर पुरत नाही आणि कमी केली तर रिम आपटतो. म्हणजे २५ च्या टायरला इथं योग्य हवाच नाही. हा माझा निकाल आहे. २८ हा नाइलाज, ३२ असेल तरच या बाजूनं उतरा.

दुसरं पंक्चर बहिणीचं, आणि ते वाईट होतं. टायरच्या बाजूच्या भिंतीला बोटाच्या पेराएवढी चीर. जुन्या टायरचा एक तुकडा मी पाऊचमध्ये ठेवते, तो आतून लावला, ट्यूब बदलली, हवा निम्मीच भरली. तो तुकडा दुसऱ्या दिवशी घरापर्यंत टिकला. तुम्हीही ठेवा, वजन नगण्य असतं. तुकडा नसता तर ती सायकल तिथंच संपली होती. नंतर तिसरं पंक्चर, पुन्हा माझं. तोवर जादा ट्यूब संपल्या होत्या, म्हणून ठिगळ लावलं. ओल्या, मातकट ट्यूबवर सोल्यूशन धरेना. पुसायला कोरडं फडकं हवं, आमच्याकडचं सगळं भिजलेलं.

चालणंही सोपं नव्हतं. बुटांखालच्या क्लीटमध्ये, म्हणजे पेडलला बूट अडकवायच्या खिट्टीत, लाल माती अशी ठासून बसली की नंतर पेडलमध्ये पाय अडकेना. काडीनं उकरून काढली. शिरगावच्या आसपास एक म्हातारबाबा गुरं घेऊन परतत होते. त्यांनी आमच्या सायकलींकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरींनो, ही चाकं इथली न्हाईत. हिरडोशीपातुर असंच हाय." मी त्यांना विचारलं, किती महिने असं आहे? "लई दिस झालं की." ही माहिती आम्हाला आदल्या दिवशी एका फोनवर मिळू शकली असती. नीरा उगम पावते ते गाव म्हणजे हे शिरगाव. थांबून बघण्याची इच्छा फार होती, पण ऊन उतरत होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हिरडोशीला डांबर लागलं तेव्हा साडेसहा वाजले होते. तिथून नीरा देवघर धरणाच्या काठाकाठानं निगुडघर आणि भोर. उजेडात हा तुकडा सुंदर असणार, आम्ही तो पुढच्या चाकासमोरच्या पिवळ्या ठिपक्यात पाहिला. बहिणीचा दिवा फक्त दिसण्यापुरता लुकलुकणारा होता, त्यानं रस्ता दिसत नाही. माझ्या एका दिव्यावर दोघी, पुढेमागे नव्हे तर शेजारी-शेजारी, समोरून गाडी आली की थांबायचं. भोरला सव्वाआठ. वरंध्याच्या माथ्यापासून हिरडोशीपर्यंत आमच्या दोघींच्या फोनला रेंज नव्हती, त्यामुळे घरची माणसं तोवर काळजीनं अर्धी झाली होती.

भोर ते पुणे चांगला रस्ता आहे, आम्ही तो पाय ओढत उरकला.

आता जाणाऱ्यांसाठी. रस्ता कसा आहे हे कुणाला विचारलंत तर आधी विचारा की कुठल्या वाहनानं गेलात, कुठल्या बाजूनं आणि नेमके कुठपर्यंत. मोठ्या चाकाच्या गाडीत बसलेल्याला खडी जाणवत नाही. पावसाळ्यात वरंधा आदेश काढून बंद ठेवतात, त्यामुळे रस्त्यात लावलेल्या आडकाठीपाशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि पावसानंतर लगेचचे आठवडे कामाचे असतात हे धरूनच चाला. वाघजाईलाच बाटल्या भरा. माझ्याजवळ दोन जादा ट्यूब होत्या, तीन हव्या होत्या, प्रत्येकीजवळ. पुढचा दिवा खरोखर रस्ता दाखवणारा हवा, दिवसा परतायचं ठरलं असलं तरी.

काम चालू असताना जायचंच असेल तर उलट दिशेनं जा. भोरहून पहाटे निघा, खराब तुकडा चढावर आणि थंडीत संपवा, वाघजाईपासून महाडपर्यंतची गुळगुळीत उतरण मग तुमची. फक्त मग शेवटी विळ्याकडून ताम्हिणी चढावा लागेल. मला तो चढ वरंध्याहून अवघड वाटतो, तेव्हा माणगावला मुक्काम करून तो ताज्या पायांनी चढा.

ज्यांना खडीच नको त्यांनी महाडवरून पोलादपूर गाठावं आणि आंबेनळीनं महाबळेश्वरला चढावं. चढ वरंध्याच्या दुप्पट वाटेल, जवळजवळ चाळीस किलोमीटरचा रस्ता आहे आणि दिवस त्यातच जाईल. पण प्रतापगडाच्या पायथ्यापासून वर झाडी तशीच दाट आहे, आणि दुसऱ्या दिवशी पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईला कृष्णेकाठी पोचता येतं. आम्ही मार्चमध्ये त्या बाजूनं जाणार आहोत.

वरंध्याचं काम पूर्ण झालं असं कळलं तर मला जरूर सांगा. निगुडघरहून वाघजाईपर्यंत स्वतः सायकलनं जाऊन आलात तरच.