हौसेचं मचूळ पाणी

सोलापुरात पाण्याला मचूळ म्हणणं म्हणजे जवळपास शिवीच. बोअरचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात. गोडं पाणी उजनी धरणाचं. ते चार-पाच दिवसांनी नळाला येणार, तेही कधी रात्री दोन वाजता. आणि अशा घरात मी ते गोडं पाणी बादलीत काढून त्यात मीठ कालवायला बसलो.

"काय करायलास रे?" आई.

"खाडी."

आई काही बोलली नाही. शेजारच्या दोस्ताला मात्र राहवलं नाही. "बे, बोअरचंच ओत की. फुकटात मचूळ हाय."

त्याचं निम्मं बरोबर होतं. खाडीतल्या माशांना जड पाणी मानवतं, म्हणून माशांसाठी आणलेल्या काचेच्या पेटीत पहिल्या भरणीला निम्मं बोअरचं घातलंही. पण बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा असतो, समुद्र नसतो. तो वेगळा आणावा लागतो.

खाडीचं हे खूळ रत्नागिरीत डोक्यात शिरलं. भाट्याच्या खाडीकाठी ओहोटीला चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर निवांत! नदीचं गोडं आणि भरतीचं खारं जिथं भेटतं, तिथं दिवसातून दोनदा पाण्याची चव बदलते. गोड्यातल्या माशाच्या अंगात पाणी घुसत राहतं, ते त्याला सारखं बाहेर टाकावं लागतं. समुद्रातल्याचं उलट, त्याच्या अंगातलं पाणी निसटत राहतं, म्हणून तो समुद्र पितो आणि मीठ कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. खाडीतल्या माशांना दोन्ही जमतं. निवट्या घरी आणायचा मोह मी आवरला. त्यांना पाण्यापेक्षा चिखलाची जागा जास्त लागते, आणि आईच्या हॉलमध्ये चिखल हा विषयच काढायचा नसतो.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून ५० लिटर पाणी मावतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, मला त्याचा पाचवा हिस्सा हवा होता, म्हणजे लिटरला ७ ग्रॅम. एकूण साडेतीनशे ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या समुद्री मिठात बाकीचे क्षारही असतात. त्याचा भाव ऐकून आई म्हणाली, एवढ्यात शेंगाचटणी आली असती.

मोजायला हायड्रोमीटर. डेअरीवाल्याच्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊच, पाणी जितकं जड तितका तो वर तरंगतो. साध्या पाण्यात १.०००, समुद्रात १.०२५च्या आसपास, माझ्या खाडीत १.००५. गंमत म्हणजे चांगलं दूध समुद्राच्या पाण्यापेक्षाही किंचित जड भरतं.

मग महिनाभर पेटीत मासाच नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये आधी रुजावे लागतात, त्याला चार ते सहा आठवडे जातात. तोवर घरी येणारा प्रत्येकजण काचेला नाक लावून विचारायचा, "मासे कुठायत?" एका काकांना तर मी जीवाणू पाळलेत असं सांगून टाकलं. त्यांनी चहा अर्धा ठेवला.

शेवटी काळ्या मॉली आणल्या, पाच. दुकानात त्या गोड्या पाण्यात होत्या, त्यांना थोडं थोडं खारं घालत सवय लावली. मॉली मूळची मेक्सिकोकडची, नद्यांत राहते तशी खाडीतही. सोबतीला जावा फर्न, कारण थोडा खारेपणा सोसणाऱ्या झाडांची यादी फार छोटी आहे.

सगळं छान चाललं होतं, मग मे आला. बाहेर ४२ अंश, आत पंखा गरगरतोय, आणि पेटीतलं पाणी रोज लिटर-सव्वा लिटर उडून जातंय. मी इमानदारीनं रोज तेवढंच खारं पाणी कालवून भरत होतो. तीन आठवड्यांत फर्नची पानं काळी पडली, काचेच्या कडांना पांढरी नक्षी उमटली, आणि हायड्रोमीटर १.००८वर. वीस पुस्तकांतली माहिती गोळा केलेला माणूस डोकं धरून बसलेला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आमटी आटली की खारट होते. मग त्यात आपण मीठ घालतो का पाणी?"

झालं. पाणी उडतं, मीठ जागेवर राहतं. भरायचं ते साधं पाणी, आणि तेही गोडंच, कारण बोअरचं ओतलं तर त्याचेही क्षार साचत जाणार. म्हणजे ज्या गोड्या पाण्याला खारं करायला बसलो होतो त्याच उजनीच्या पाण्यावर माझी खाडी जगणार. क्लोरिन जावा म्हणून बादली रात्रभर उघडी ठेवायची, एवढंच.

मॉलींनी मात्र खारटपणाचं काही मनावर घेतलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात फर्नच्या उरल्यासुरल्या पानांआड जिऱ्याएवढी पिल्लं दिसली. मी सात मोजली, आईनं अकरा.

काल पहाटे पाणी आलं. आईनं पिण्याची घागर भरली, कळशी भरली, आणि तिसऱ्या नंबरला न सांगता एक बादली पेटीशेजारी आणून ठेवली. जाता जाता म्हणाली, "यात मीठ घालशील बघ."