रोमानियातलं माझं पहिलं मत, जे रद्द झालं

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं. दुपारी भावाने कऱ्हाडहून शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मी तिमिशोआराला ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून तो बघत होते आणि एकदम भरून आलं, कारण त्या यादीत आता माझं नाव नव्हतं. चारच दिवसांनी, रविवारी २४ तारखेला, मी रोमानियाची नागरिक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मत देणार होते. राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता.

इथे यायला किती कागद लागले ते थोडक्यात सांगते. रोमानियन माणसाशी लग्न होऊन आणि इथे राहून पाच वर्षं झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भाषा यावी लागते, राज्यघटना आणि इतिहास माहीत असावा लागतो, राष्ट्रगीत म्हणता आलं पाहिजे. कऱ्हाडच्या जन्मदाखल्यावर आधी अपोस्टील (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी दाखला), मग त्याचं भाषांतर, मग त्यावर नोटरी. २०२४ च्या उन्हाळ्यात शपथ घेतली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करावा लागला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. सप्टेंबरात ओळखपत्र हातात आलं. इथे ओळखपत्राला सगळे ‘बुलेटिन’ म्हणतात आणि मतपत्रिकेलाही ‘बुलेटिन’च. पहिले काही दिवस माझा फार गोंधळ व्हायचा.

घरात खरी घाई सासूबाईंची होती. इथे आईला ‘मामा’ म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते. ऑक्टोबरात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आमची इमारत कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळातली, चार मजली, लिफ्ट नसलेली, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. अशा मतदारांसाठी फिरती पेटी असते. आदल्या दिवसापर्यंत मतदान केंद्राच्या अध्यक्षाकडे लेखी अर्ज आणि सोबत डॉक्टरांचे कागद द्यायचे. शनिवारी संध्याकाळी मी ते देऊन आले. घरी परतल्यावर मामाने पहिला प्रश्न विचारला, “पोच घेतलीस का?” मी पुन्हा गेले आणि पोच घेऊन आले.

मामाचा हा हट्ट कुठून आला ते कळायला तिमिशोआरा कळावी लागते. १९८९ च्या डिसेंबरात क्रांती याच शहरात सुरू झाली. १६ तारखेला लोक रस्त्यावर आले, पुढचे दिवस गोळीबार चालला, आणि २० तारखेला ऑपेराच्या सज्जातून हे कम्युनिझममुक्त झालेलं पहिलं शहर असल्याचं जाहीर झालं. मामा त्या चौकात होती. त्याआधीची मतदानं तिला आठवतात: आघाडी एकच, निकाल आधीच ठरलेला, जायचं ते फक्त हजेरी लागावी म्हणून. पुढे २० मे १९९० ला पहिली खुली निवडणूक झाली. राष्ट्राध्यक्ष आणि संसद, दोन्ही एकाच दिवशी. जुन्या कम्युनिस्ट पक्षातलेच इयोन इलिएस्कू ८५ टक्के मतांनी निवडून आले. दोनच महिन्यांपूर्वी याच शहराने आपल्या जाहीरनाम्यात, जुन्या राजवटीच्या पुढाऱ्यांना सलग तीन निवडणुका उभं राहू देऊ नका, अशी मागणी केली होती. ऑर्थोडॉक्स पंचांगात तो रविवार आंधळ्याचा रविवार होता, म्हणून त्या निवडणुकीला लोक आजही त्याच नावाने ओळखतात. “हरलो, पण मोजलं गेलं,” असं मामा म्हणते. तिला हरण्याचं तितकं दुःख नाही. मत मोजलं जाणं तिच्यासाठी फार मोठं आहे.

२००४ पर्यंत दोन्ही निवडणुका एकत्रच होत. २००३ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाची मुदत चारावरून पाच वर्षांवर गेली आणि त्या वेगळ्या झाल्या. चार आणि पाचाच्या हिशेबाने वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्या पुन्हा एका वर्षात आल्या. २४ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षाची पहिली फेरी, १ डिसेंबरला संसद, ८ डिसेंबरला पहिल्या दोघांत दुसरी फेरी. लागोपाठ तीन रविवार.

मतदान सकाळी सातला सुरू होतं आणि रात्री नऊपर्यंत चालतं. आमचं केंद्र जवळच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात. दारातल्या टेबलावर टॅबलेट. त्यावर बुलेटिन स्कॅन करतात, म्हणजे एकाच माणसाने दोन ठिकाणी मत दिलं तर लगेच कळतं. माझं स्कॅन नीट झालं, पण छापील यादीत नाव सापडेना. बाई पानं उलटतायत आणि माझ्या पोटात गोळा. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पिशवीत घेऊनच गेले होते, ते काढायला लागले. तेवढ्यात केंद्राचे अध्यक्ष उठून आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, “तुमचं बुलेटिन नवीन आहे, पुरवणी यादीत घेतो. हक्क आहे तुमचा.” त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. ‘कुलकर्णी’ लिहायला वेळ लागला, पण एकेक अक्षर विचारून लिहिलं. मी सही केली.

मग हातात मतपत्रिका आली आणि सोबत एक शिक्का. तोपर्यंत मला वाटत होतं की आत पेन असेल. शिक्का बघितला आणि लहानपणीची प्रचाराची रिक्षा कानात वाजायला लागली: ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, अमक्यावर मारा शिक्का! आमच्याकडे शिक्का जाऊन मशीन आलं, पण घोषणा राहिली. इथे अजून खरोखर शिक्का मारतात. गोल, त्यात ‘वोटात’ म्हणजे ‘मत दिलं’ असं लिहिलेलं. पडद्याआड गेले. मतपत्रिकेवर चौदा नावं होती. त्यातल्या लुदोविक ओर्बान यांनी आधीच माघार घेतली होती, पण कागद छापून झाले होते, म्हणून नाव तसंच होतं. शिक्का मारला. ओली शाई घडीत दुसऱ्या चौकटीवर उमटेल अशी भीती वाटली, म्हणून चांगल्या तीन-चार फुंकरा मारल्या. मग केंद्राच्या शिक्क्याची बाजू बाहेर राहील अशी घडी करून पेटीत टाकली आणि शिक्का परत दिला. इथे बोटाला शाई लावत नाहीत. बुलेटिनच्या मागे एक छोटा स्टिकर चिकटवतात, त्यावर ‘वोटात’ आणि त्या दिवसाची तारीख. मी भावाला त्याचा फोटो पाठवला.

दुपारी फिरती पेटी आमच्या घरी आली. केंद्राचे दोन सदस्य आणि एक पोलिस, चार मजले चढून धापा टाकत. मामाने केस विंचरून चांगला ब्लाउज घातला होता. तिने आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं आणि एकटीने शिक्का मारला.

रात्री निकाल यायला लागले तसे घरातले सगळे गप्प झाले. चाचण्यांमध्ये पहिल्या तिघांत नसलेले अतिउजवे अपक्ष कालिन जॉर्जेस्कू जवळजवळ २३ टक्के घेऊन पहिले. दुसऱ्या एलेना लास्कोनी. पंतप्रधान मार्चेल चोलाकू तिसरे, म्हणजे शर्यतीतून बाद, आणि तेही अवघ्या २,७४० मतांनी. सबंध देशात २,७४०! आमच्या शाळेसारख्या चार-पाच केंद्रांवर मिळून एवढी माणसं येत असतील. जॉर्जेस्कूंनी प्रचाराचा खर्च शून्य दाखवला होता, आणि टिकटॉकवर मात्र त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. माझ्या ऑफिसातल्या पोरांनी त्यांचे व्हिडिओ पाहिले होते. मी एकही पाहिला नव्हता.

त्या आठवड्यात काय काय झालं! २८ नोव्हेंबरला घटनात्मक न्यायालयाने फेरमोजणीचा आदेश दिला. १ डिसेंबरला राष्ट्रीय दिन होता, १९१८ मध्ये ट्रान्सिल्वेनिया रोमानियात सामील झालं तो दिवस. त्या दिवशी घरोघरी घेवड्याचं दाट सूप शिजतं. आम्ही ते गॅसवर ठेवून संसदेसाठी मत द्यायला गेलो. या वेळी दोन मतपत्रिका, सिनेट आणि प्रतिनिधिगृह, एकेक वहीसारखी जाड. पक्षाच्या यादीला मत द्यायचं, आणि पाच टक्के मिळाले तर पक्ष आत. अल्पसंख्य समाजांना प्रतिनिधिगृहात एकेक जागा राखलेली आहे, हे मला फार आवडलं. तिमिशोआरात सर्ब, जर्मन, हंगेरियन सगळेच शेजारी आहेत.

२ डिसेंबरला, सोमवारी, न्यायालयाने पहिली फेरी वैध ठरवली. बुधवारी राष्ट्राध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी गुप्तचर यंत्रणांची कागदपत्रं खुली केली. टिकटॉकवर ठरवून चालवलेली खाती, निवडणूक यंत्रणेवरचे सायबर हल्ले असं त्यात होतं. आणि शुक्रवारी, ६ डिसेंबरला, त्याच न्यायालयाने सगळी निवडणूक रद्द केली. परदेशात मतदान सुरू झालं होतं. नवऱ्याची चुलत बहीण इटलीत नुकतीच मत देऊन रांगेतून बाहेर पडली होती. तिने फोन केला तो रडतच.

मी त्या संध्याकाळी बुलेटिन उलटं करून त्या स्टिकरकडे बघत बसले. तारीख तशीच होती. मला न्यायालयाचं सगळंच चुकलं असं म्हणायचं नाही. एखादी निवडणूक लबाडीने फिरवली गेली असेल तर ती थांबवायलाच हवी. पण शून्य खर्चाचा तो कागद मतदानाच्या आधीच तपासायला हवा होता. आणि सोमवारी वैध, शुक्रवारी रद्द, हे लोकांना पटेल असं समजावून सांगायची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी होती. ती कुणी घेतली नाही. ज्यांनी जॉर्जेस्कूंना मत दिलं त्यांचा राग मी जवळून पाहिला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दिलं होतं. ते मामाचे तीस वर्षांचे शेजारी, पण महिनाभर आमच्या दारात आले नाहीत. मामाने नाताळाला त्यांच्यासाठी गोड पावाची लादी पाठवली तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

फेब्रुवारीत योहानिस यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये जॉर्जेस्कूंची नवी उमेदवारी नाकारली गेली. ४ मे २०२५ ला पुन्हा पहिली फेरी झाली. मी गेले, छापील यादीत नाव सापडलं, दोन मिनिटांत बाहेर. त्या वेळीही मामाचं मत फिरत्या पेटीत पडलं. कडवे राष्ट्रवादी नेते जॉर्जे सिमिओन ४१ टक्क्यांजवळ आणि बुखारेस्टचे महापौर, गणितज्ञ निकुशोर दान २१ टक्क्यांजवळ. अंतर बघून पुष्कळांनी आशा सोडली, पुष्कळांनी सोडली नाही.

१८ मेच्या दुसऱ्या फेरीसाठी मामाने अर्ज करू दिला नाही. “मी पायांनी जाणार.” एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, प्रत्येक मजल्यावर खुर्ची. नवरा ती खुर्ची पुढे पुढे नेत होता. खाली यायला पंचवीस मिनिटं लागली. शाळेत लोकांनी तिला पुढे जाऊ दिलं, आणि त्यात खालचे आजोबाही होते.

मतपत्रिकेवर दोनच नावं होती. मामाला आत वेळ लागला. शिक्का परत देऊन तिने बुलेटिन पुढे केलं. पंचावन्न वर्षं उलटल्यावर काढलेल्या जुन्या ओळखपत्राला इथे मुदत नसायची, त्यामुळे तिच्या बुलेटिनच्या मागे कितीतरी वर्षांचे स्टिकर दाटीने बसलेत. टेबलावरची मुलगी जागा शोधत होती. तिने २४ नोव्हेंबरच्या स्टिकरवर बोट ठेवून विचारलं, “आजी, हा तर रद्दच झालाय. याच्यावर लावू का?”

“नको,” मामा म्हणाली. “तो राहू दे. दुसरीकडे कुठेही लाव.”

मुलीने तो नवा स्टिकर अगदी कडेला, अर्धा बाहेर राहील असा लावला आणि उरलेला भाग दुमडून पुढच्या बाजूला चिकटवला.