हौदातल्या माशांची थंडी

डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पारा ५-६ अंशांवर आल्याच्या बातम्या सुरू होतात, सातपुड्यात डाबकडे दवबिंदू गोठल्याचे फोटो मोबाईलवर फिरतात, आणि आमच्या अंगणातल्या गोल्डफिशच्या सिमेंटच्या हौदाकडे बघून अख्ख्या गल्लीला कळवळा येतो. "त्यासले थंडी नई वाजत का रे भाऊ?" शेजारच्या जिजी शाल सावरत विचारतात. कोणी हौदावर गोणपाट टाक म्हणतं, कोणी बल्ब लटकव म्हणतं. मासेवाला दुकानदार तर हीटर गळ्यात मारायला टपलेलाच असतो.

थंडीने खरे हाल होतात ते केळीचे. रावेर-यावलकडे बागांना चरका बसतो, शेतकरी रात्री पाणी देतात, बांधावर धूर करतात. गोल्डफिशचं तसं नाही. तो मुळातच थंड पाण्यातला, रोहू-कटल्याच्या भाऊबंदांपैकी. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वी करड्या माशांतले सोनेरी-केशरी तेवढे निवडून लोकांनी ते पोसले, त्यांचा हा वंश. तळी गोठतात अशा मुलखातही हे मासे बाहेरच हिवाळा काढतात. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड होतं, त्यामुळे वर बर्फ असला तरी तळाशी त्यांची सोय होते. तिथल्या लोकांना काळजी एवढीच, की बर्फात एक भोक उघडं राहावं आणि कोंडलेले वायू निघून जावेत. ते भोकही हातोडा मारून पाडायचं नाही, दणका पाण्यातून थेट माशाला बसतो. गरम पाण्याचं भांडं टेकवून वितळवायचं.

आणि बर्फाखाली ऑक्सिजन संपलाच, तर हा पठ्ठ्या अंगात साचणाऱ्या आम्लाचं चक्क अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे सोडून देतो. त्यामागची यंत्रणा ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१७ साली उलगडली. हे मामांना सांगितल्यापासून ते हौदाकडे जरा आदरानेच बघतात.

आपल्याकडे पाणी काही गोठत नाही. आपली अडचण वेगळी: पहाटे हुडहुडी आणि दुपारी सदरा काढावासा वाटेल असं ऊन. हौद उथळ असला की पाणीही तसंच वर-खाली होतं. सकाळी मासे तळाला टेकलेले, कल्ले इतके सावकाश हलतात की मेलाबिला की काय म्हणून वाकून बघावं. बारा वाजता तेच मासे वर येऊन तोंडं वासतात. इथेच माणूस फसतो. गोल्डफिशला जठर नसतं, आणि गार पाण्यात त्याचं पचन मंदावतं. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की खाणं बंद, १५च्या आसपास असेल तर अगदी चिमूटभर, तेही उन्हं चढल्यावर. पण घरोघरी भरीत-पुऱ्यांचे बेत चाललेले असताना हौदातल्यांना उपाशी ठेवायचं कोणाच्या जिवावर येणार नाही? मी आत्याला समजावून सांगितलं. ती हो म्हणाली आणि पाठ वळताच पोळीचा कुस्करा टाकून मोकळी झाली. न खाल्लेला कुस्करा तळाशी कुजतो, पाणी दुधाळ होतं. मासा थंडीने नाही, असल्या मायेने मरतो.

दुसरी माया बोरिंगच्या पाण्याची. हिवाळ्यात सकाळी बोरिंगला वाफा निघतात, आणि माशांना 'जरा कोमट' म्हणून बादली ओतायचा मोह होतो. गारठलेल्या माशाला तो धक्काच. आधी पाणी पिंपात निवू द्यावं, मग थोडं थोडं घालावं. हौदातलं पाणी नुसतं खोल ठेवलं तरी पुरतं. घरात न्यायचे ते ओरांडासारख्या जातींचे फुगऱ्या अंगाचे गोल्डफिश, कारण ते नाजूक. आणि तेही कडाका पडायच्या आत. घरात हीटर कशाला? घरातलीच ऊब पुरते.

खरी परीक्षा मे महिन्यात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ पार करतो आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागतात. तेव्हा मात्र गल्लीत कोणीच विचारत नाही. जो तो आपल्या कूलरपुढे.

म्हणून जानेवारीतच हिरवी शेडनेट आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, रोपवाटिका टाकताय का?"

मी हो म्हणालो. माशांना ऊन लागतं हे सांगितलं असतं, तर त्याने चहा मागवून अर्धा तास बसवून घेतलं असतं.